बोट दे बघू

"डॉक्टर, तुम्ही स्वतःला कधी ही सुई टोचून घेतली आहे का?"

विचारून टाकलं आणि तोंड मिटायचंच विसरले. पंखा फिरत होता, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरच्या कागदांचे कोपरे उचलले जात होते, परत बसत होते, आणि माझा आवाज अजून खोलीतच कुठेतरी रेंगाळतोय असं मला वाटत होतं. पैज टाचणीची होती. टाचणी म्हणजे माझ्या मागच्या बाकावरची, बारीक, कमी बोलणारी, पण बोलली की टोचणारी. "आमच्यासमोर वाघीण आणि डॉक्टरांसमोर मांजर," असं ती म्हणाली होती. "साखर तुझी, पोट तुझं, सुई तुझी, आणि बोलतं कोण, तर आई. तू नुसती मुंडी हलवतेस. एक प्रश्न विचारून दाखव." कोणता प्रश्न ते रेडिओनं ठरवलं. रेडिओ माझ्या शेजारची. शाळेची घंटा झाली की चालू होते ती शाळा सुटेपर्यंत बंद होत नाही. दोघी आत्ता खाली जिन्यात बसलेल्या असणार, कान टवकारून. इथे आईचं कोपर माझ्या बरगडीत आलं. बाबा छताकडे बघायला लागले. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. अवघड प्रसंग आला की ते वर बघतात, जणू तिथून काहीतरी खाली यायचंय.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाही," म्हणाल्या. "इतकी वर्षं लोकांना टोचून घ्यायला सांगतेय, पण स्वतःला नाही." आता ओरडा बसणार म्हणून मी खांदे आवळून घेतले. त्यांनी खण उघडला, नवी सुई काढली, औषध नसलेलं नमुन्याचं इंजेक्शनचं पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "शिकव." मग मी शिकवलं. पोटाची घडी धरा, एवढी नाही, थोडीशीच. श्वास रोखू नका, रोखला की पोट दगड होतं. त्यांनी टोचलं. भुवया वर गेल्या. "अगं, हे तर काहीच नाही." मी म्हणाले, "पहिल्यांदा काहीच नसतं. सुई दुखत नाही, कंटाळा दुखतो." हे वाक्य मी कुठून आणलं मला माहीत नाही. ते बाहेर पडलं, आणि डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच आईकडे न बघता माझ्याकडे बघितलं. कुणी आपल्याकडे असं बघितलं की आपण बसल्या जागी थोडे उंच होतो. माझे पाय जमिनीला नीट टेकले.

"मग, परदेशाचं काय ठरलं?" त्यांनी विचारलं, तेही मलाच. पण उत्तर आईनं दिलं. "नको म्हणून कळवतेय. आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय त्यांना." आईचा आवाज सपाट होता, इस्त्री केल्यासारखा. डॉक्टरीणबाई माझ्या फाईलमधला तो आलेख बघत होत्या, ज्यात माझी साखर मावशीच्या गावी पोचल्यावर डोंगर चढायला लागते आणि घरी परतल्यावर खाली येते. "का चढली हे कळत नाही, तोवर मी जा म्हणणार नाही, आणि जाऊ नका असंही नाही," त्या म्हणाल्या. "प्रवासात औषध गरम तर नव्हतं झालं?" बाबांनी छत सोडलं. "छे, डॉक्टर. शेवटपर्यंत एकदम गार. मी स्वतः पेटी भरली होती." त्यांनी मान डोलावली. बाहेर पुढच्या पेशंटचं बाळ रडायला लागलं होतं.

आई दात बनवते. म्हणजे दुसऱ्यांचे. दातांच्या लॅबमध्ये ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसते, तिथला उजेड खरा असतो म्हणून, आणि चिनीमातीची पूड ओली करून केसाएवढ्या बारीक ब्रशनं दातावर दात चढवते. मी लहान असताना तिच्या टेबलाखाली बसून गुलाबी मेणाचे साप करायची. कुणाशीही बोलताना आई आधी त्याचे दात बघते; आमच्या वर्गशिक्षिकांशी ती पालकसभेत पाच मिनिटं गोड बोलली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "वरचे दोन खोटे आहेत, पण कुणीतरी घाईत केलेत." तिच्या दातांची खासियत अशी की ते पांढरेशुभ्र नसतात. ती त्यात मुद्दाम एखादी धूसर रेघ घालते, कडेला जरासा पिवळेपणा, आयुष्यभर चावल्याची झीज. "निर्दोष दात चेहऱ्यावर बसत नाही, चिकटवल्यासारखा दिसतो," असं ती म्हणते. तिनं केलेल्या एका कवळीचे फोटो कसे कोण जाणे त्या दूरच्या देशातल्या मोठ्या लॅबपर्यंत गेले आणि त्यांनी बोलावलं: या, इथे काम करा, नवऱ्याला आणि मुलीलाही घेऊन या. त्या दिवशी आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहून पुन्हापुन्हा तेच वाचत होती आणि तिचे कान लाल झाले होते. मी आईचे कान लाल झालेले त्याआधी कधी पाहिले नव्हते.

आणि मी तर उडालेच होते. नवी शाळा, नवा रस्ता, जिथे मला कुणी ओळखत नाही. इथे मी साखरवाली. वाढदिवसाला केक आला की अख्खा वर्ग माझ्याकडे वळून बघतो, जणू केक मीच चोरलाय. तिथे मी कोरी जाईन. सांगायचं तेव्हा मी सांगेन, माझ्या तोंडानं, मला हव्या त्या शब्दांत, किंवा सांगणारच नाही. झोपण्याआधी मी त्या न पाहिलेल्या शहरात फिरायची, तिथे रस्त्यांना वास नसायचा आणि माणसांना चेहरे नसायचे, कारण मला ते माहीत नव्हते, पण मी मात्र स्पष्ट दिसायची, पाठीवर दप्तर, भराभर चालणारी. आई म्हणाली, आधी रंगीत तालीम करू. औषधं, पेटी, सामान, लांबचा प्रवास, परकं घर, सगळं जसंच्या तसं. मावशीचं गाव लांब, तिथे जाऊन राहू. आणि तिथे गेल्यावर माझी जीभ जाड लोकरीच्या कापडासारखी कोरडी झाली. पाणी प्यायले तरी तहान तशीच, पाण्याला नाण्याचा वास, पायात ओली वाळू भरल्यासारखी. टोचलं तरी उतरेना. आणखी टोचलं तरी उतरेना. बाबा म्हणाले, पेन बिघडलं असेल, जादाचं काढ. जादाचं काढलं, नवं कोरं, तरी तेच. म्हणजे दोष औषधाचा नाही. मी ओकले, मावशीच्या नव्या पायपुसण्यावरच, आणि आम्ही सगळं अर्धवट टाकून परत आलो. घरी आल्यावर फ्रिजमधलं औषध टोचलं, आणि साखर मुकाट्यानं खाली आली, ओळखीच्या घरात शिरणाऱ्या मांजरीसारखी. सगळ्यांनी एकच अर्थ काढला. हिला घर मानवतं. हिला बाहेरचं झेपत नाही. कुणी बोललं नाही तसं. आमच्याकडे असलं काही बोलत नाहीत. आई फक्त म्हणाली, "नकोच ते," आणि एक कवळी घेऊन घासत बसली. ती आधीच चकचकीत होती.

क्लिनिकच्या जिन्यात आई म्हणाली, "तू ये मैत्रिणींबरोबर, आम्ही पुढे होतो. मला ते लिहायचंय." ती 'उत्तर' म्हणाली नाही, 'नकार' म्हणाली नाही, 'ते' म्हणाली. बाबा तिच्यामागून गेले. त्यांची पाठ, दोघांची, रस्त्यावरच्या गर्दीत मिसळेपर्यंत मी बघत राहिले, आणि मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मी आतून उसळत होते. मी विचारलं होतं. डॉक्टरांना शिकवलं होतं.

"विचारलंस?" रेडिओनं मला दोन्ही दंडांना धरलं. "खरंच? काय म्हणाल्या? चिडल्या? तुझी आई चिडली? नक्की विचारलंस ना, का नुसतं मनात? मनातलं धरायचं नाही, आधीच सांगते."

"टोचून घेतलं त्यांनी. माझ्याकडून शिकून."

रेडिओ गप्प झाली. ही बातमीच होती. टाचणीनं मला खालून वर बघितलं. "थापा."

"आईशप्पथ."

"मग थरथरतेयस कशाला?"

हात बघितले तर खरंच थरथरत होते. कपाळावर घाम, छातीत धडधड, गुडघ्यात मऊपणा. हे माझं जुनं भांडण आहे माझ्याशी. साखर उतरली की अंगाला जे होतं, तेच अंगाला फार आनंद झाला की होतं. अगदी तेच, तस्संच. लहानपणी शर्यतीत पहिली आले तर आईनं आधी बोट मागितलं होतं, बक्षीस नंतर. परीक्षेचा निकाल, बोट दे बघू. मावसभावाच्या लग्नात मी नाचत होते, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि गर्दीतून आई आली, हातात मशीन, बोट दे बघू. ती बरोबरच करते, मला माहीत आहे. एकदा मी हसत हसतच शाळेच्या जिन्यात कोसळले होते. पण त्यामुळे असं झालंय की मला कुठलाच आनंद थेट होत नाही. तो आधी चाचणीला जातो. बाकीच्यांना आनंद झाला की झाला. माझा आनंद रक्ताचा थेंब देऊन पास व्हावा लागतो. कधीकधी मला शंका येते की मी आयुष्यात किती वेळा खरी खूश झाले आणि किती वेळा नुसती साखर खाली आली होती. आईला तरी माहीत आहे का. जिन्याच्या पायरीवर बसून मी मशीन काढलं, बोटाला टोचलं, थेंब पट्टीला लावला. रेडिओ आणि टाचणी दोन बाजूंनी वाकल्या. आकडा आला. छान, मधोमध, शहाण्यासारखा आकडा.

"म्हणजे उतरलेली नाही?" टाचणीनं विचारलं.

"नाही."

"मग हे काय?"

मी हाताकडे बघितलं. अजून थरथरत होता. "आनंद," मी म्हणाले, आणि तिघीही इतक्या हसलो की वरच्या पायरीवरच्या काकांनी पाय आखडून घेतले.

पैज हरल्याबद्दल टाचणीनं पाणी पाजायचं ठरलं, म्हणजे खरोखर पाणीच, कारण मला दुसरं काही पाजायचं तर आधी हिशेब करावा लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानात बर्फानं भरलेली पेटी होती. दुकानदारानं झाकण उघडलं, गार वाफ वर आली, त्यानं एक बाटली धरून ओढली. ती येईना. बर्फाला चिकटली होती. त्यानं जरा पिळली आणि ती सुटली, चट् असा बारीक आवाज करून.

चट्.

मी तो आवाज ओळखत होते. कानानं नाही, बोटांनी. मावशीच्या घरची मागची खोली, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल, पलंगावर आमची उघडी पेटी. मी पेन काढायला हात घातला होता आणि पेन बर्फाच्या पिशवीला चिकटलेलं होतं. मी जरा पिळून ओढलं होतं, चट्, आणि मला तो आवाज आवडला होता, म्हणून मी दुसरंही पेन तसंच काढून बघितलं होतं. दुसरंही चिकटलेलं. बोटांना चटका बसला होता. मग मी ते काखेत धरलं, कारण गार औषध टोचताना झोंबतं, आणि काखेत धरून मावशीशी तिच्या टॉवेलांबद्दल बोलत राहिले. बाबांनी पेटी भरताना मी शेजारी उभी होते. बाबा लिफ्टचा माणूस. लिफ्टला लागतात त्यापेक्षा जास्त दोर असतात, हे त्यांनी मला मी चालायला लागल्यापासून सांगितलंय. एक तुटला तर दुसरा, दुसरा तुटला तर तिसरा. म्हणून पेनं दुप्पट. म्हणून बर्फही दुप्पट, खाली एक थर, वर एक थर, थेट डीप फ्रीझरमधून काढलेला दगडासारखा, आणि मध्ये औषध, दाबून, हलू नये म्हणून. मध्ये फडका नाही, कागद नाही. आणि जादाची पेनं कुठे, तर तिथेच, त्याच दोन थरांच्या मध्ये. बाबांनी दुसरा दोर पहिल्या दोरालाच बांधला होता.

"काय झालं?" रेडिओ म्हणाली. "भूत बघितलंस?"

"उद्या सांगते," मी म्हणाले आणि पळाले. परत रस्ता, परत जिना, दोन-दोन पायऱ्या. बाकावरच्या एका बाईनं "अगं, नंबर" असं काहीतरी म्हटलं. मी दारातून डोकं आत घातलं. "डॉक्टर, एकच विचारायचंय. बर्फाला चिकटलेलं इन्सुलिन चालतं का?"

डॉक्टरीणबाईंच्या हातातला स्टेथोस्कोप तसाच राहिला. "किती वेळ चिकटलेलं?"

"सगळा प्रवास. सगळी पेनं."

"गोठलेलं इन्सुलिन संपलं," त्या म्हणाल्या. "वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण उपयोग शून्य. तू नुसतं पाणी टोचत होतीस, पोरी." मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. "आणि मी आपली गरम झालं का, गरम झालं का विचारत बसले. आईला फोन लावू?"

"नको. मी सांगते."

"नीट सांग. वडलांना लागेल."

घरापर्यंतचा रस्ता मी धावले की चालले ते आठवत नाही. शरीर तेच होतं, पण कुणीतरी त्याच्यावरचा आरोप मागे घेतला होता. इतके दिवस मी ते एखाद्या बेभरवशाच्या जनावरासारखं सांभाळत होते, हे कुठेही नेलं की बिथरतं, याला गोठ्यातच ठेवावं. आणि त्या बिचाऱ्यानं काय केलं होतं? औषध मागितलं, आम्ही पाणी दिलं, ते ओरडलं. याहून शहाणं ते काय करणार होतं? मला त्याची माफी मागावीशी वाटली, भर रस्त्यात, माझ्याच पोटाची. वाटेतल्या चपलांच्या दुकानाच्या काचेत मी दिसले, केस पिंजारलेले, गाल लाल, आणि मला मी आवडले. मग इमारतीत शिरले, लिफ्टमध्ये उभी राहिले, आणि तिथे मात्र बाबा आठवले. ही लिफ्ट बाबांच्या हाताखालची. हिची दारं आवाज न करता मिटतात. बाबांनी मला कधी सुई टोचलेली नाही. त्यांचा हात कापतो. माझ्या आजारात त्यांना एकच काम जमलं होतं, पेटी भरायचं, आणि ते त्यांनी जीव ओतून केलं होतं. ते त्यांच्या हातून असं निसटलं हे सांगणारी मी. न सांगता काही जमेल का? पेटीत काहीतरी बिघाड होता म्हणावं? प्रवासात हादरे बसले म्हणावं? मजले सरकत होते. मला कळत होतं की मी गुळमुळीत बोलले तर आईला पुन्हा धूसर शंका उरेल, आणि आई शंकेच्या बाजूनं नकार लिहील. ती माझ्या बाबतीत नेहमी शंकेच्याच बाजूनं जाते.

आई जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. बाबा समोर, दोघांच्या मध्ये चहा, साय धरलेला.

"पाठवलंस?" मी दारातूनच विचारलं.

"वाचून बघतेय एकदा. चपला काढ आधी."

मी चपला काढल्या. उभ्या उभ्याच सांगितलं, सगळं, क्रमानं: चिकटलेली पेनं, काख, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते. बाबांकडे बघून सांगितलं, कारण त्यांच्याकडे न बघता सांगितलं असतं तर ते चुगली केल्यासारखं झालं असतं. त्यांनी वर बघितलं नाही. टेबलाकडे बघत राहिले.

"जादाचीही?" त्यांनी विचारलं.

"जादाचीही, बाबा."

"मी बर्फ दुप्पट घातला." ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, कमी पडायला नको."

"मला माहितेय."

आईनं लॅपटॉपवरून हात काढले. ती ओरडेल असं मला वाटलं होतं, निदान 'फडका तरी गुंडाळायचा' असं काहीतरी. ती म्हणाली, "चिकटलं होतं तर मला दाखवायचं नाहीस?" मग तिला हसू फुटलं, विचित्र, ओलं, आणि तिनं बाबांच्या मनगटावर हात ठेवला. "अहो, तुम्ही हिला बर्फाचं औषध देत होता आणि मी वेड्यासारखी हिच्या नशिबाला बोल लावत होते." बाबा हसले नाहीत, पण हात काढून घेतला नाही. माझा श्वास मोकळा झाला. आणि लगेच आईचा चेहरा परत सपाट झाला. "पण तरीही," ती म्हणाली. "या वेळी बर्फ होता. पुढच्या वेळी दुसरं काही असेल. तिथे मावशी नाही, डॉक्टरीणबाई नाहीत, भाषा नाही. भलत्या वेळी काही झालं तर मी कुणाचं दार वाजवू?"

हे मात्र मी लिफ्टमध्ये धरलं नव्हतं. मला वाटलं होतं कारण सापडलं की नकार आपोआप पुसला जाईल. पण बर्फ हे आईचं कारण नव्हतंच, ते तिला मिळालेलं निमित्त होतं. तिची भीती त्याच्याही आधीची होती, मी लहान होते आणि दवाखान्यातल्या पलंगावर माझं नाव मला सांगता येत नव्हतं तेव्हापासूनची. ती भीती मी विरघळवू शकत नाही. मला एकदम कळलं की ती तशीच राहणार, आम्ही इथे राहिलो तरी. मग ती तिकडे का नेऊ नये? भीती काय, सामानातच जाते. आईचे हात टेबलावर होते, नखांच्या कडांना चिनीमातीची पांढरी रेघ. हे हात माझ्यामुळे घरी थांबले तर मी रोज जेवताना ते बघणार. ते दुखेल. कंटाळ्यापेक्षा कितीतरी जास्त.

मी खुर्ची ओढली आणि बसले. बसून बोलायचं होतं.

"मी ठरवलंय," मी म्हणाले. "आजपासून सुई मी टोचेन आणि पेनवर औषधाचा आकडाही मीच लावेन. तू फक्त बघायचं, तेही मी विचारलं तर. पेटी मी भरणार, आणि बाबा, तुम्ही मला दोन वेगळ्या पेट्या करून द्यायच्या, एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे, म्हणजे एक बिघडली तर दुसरी खरंच दुसरी असेल. तिथल्या डॉक्टरांना माझं सगळं मी सांगेन, त्यासाठी लागेल तेवढी त्यांची भाषा मी शिकेन, आणि शेजाऱ्यांचं दार कसं वाजवायचं तेही मीच आधी शिकून तुला शिकवेन. परीक्षा संपली की मी जाणार आहे. माझं ठरलं. आता तुम्ही दोघं येणार की नाही ते सांगा, कारण आईला नोकरी लागलीय तिथे, आणि मी एकटी जाऊन काय दात बनवू?"